काळोखेकाकांचा उघडा डोळा

काळोखेकाका देवापुढेसुद्धा दोन्ही डोळे मिटत नाहीत. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गणपतीची आरती रंगात आलेली असते, बाकीचे सगळे हात जोडून डोळे मिटून उभे असतात, आणि काका एक डोळा देवासाठी मिटून दुसरा दाराकडे लावून असतात. दाराबाहेर त्यांच्या चपला असतात. ‘‘देव कुठे जात नाही,’’ ते म्हणतात, ‘‘चपला जातात.’’

दातांच्या डॉक्टरांनी एकदा ‘डोळे मिटा, लाइट लागेल’ म्हटलं, तर काकांनी खिशातून गॉगल काढून लावला. सोसायटीच्या योगवर्गात ते शवासन करत नाहीत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘‘काका, डोळे मिटा, प्रेतासारखे शांत पडा.’’ काका पडल्या पडल्या म्हणाले, ‘‘प्रेताचे डोळे दुसरे लोक मिटतात. ते आपण होऊन मिटत नाही.’’ बाईंनी त्यानंतर त्यांना बसून श्वास मोजायला सांगितलं. आडनाव काळोखे आणि डोळे टक्क उघडे, हा विनोद सोसायटीतल्या प्रत्येकाचा एकेकदा करून झाला आहे. मीही केला आहे.

काका जकातीत होते. आता जकात गेली, नाकी गेली, काका राहिले. चौतीस वर्षं शहरात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला : ‘‘आत काय आहे?’’ ट्रक बंद झाले, पण प्रश्न चालू राहिला. कुरिअरवाल्याला विचारतात. बी विंगमधल्या नव्या सुनेनं संक्रांतीला तिळाचा लाडू दिला, तर काकांनी तो फोडून आत बघितला आणि मग गोड बोलले. मला एकदा जिन्यात अडवलं. माझ्या हातात दुधीभोपळा होता.

‘‘आत काय आहे?’’

‘‘बिया.’’

‘‘संशय नाही हो मॅडम,’’ काका म्हणाले, ‘‘खात्री करतोय.’’

हे त्यांचं ब्रीदवाक्य. लिफ्टच्या बटणापासून डॉक्टरच्या निदानापर्यंत सगळीकडे ते खात्री करतात. मी एका शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून मी त्यांची मॅडम. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, त्यामुळे दिवसभर खात्री करायला त्यांना भरपूर वेळ असतो.

एकच प्रश्न ते संशय न घेता विचारायचे, आणि तो माझ्या मुलाला. निनाद खराडीला एका आयटी कंपनीत आहे. महिन्या-दोन महिन्यांनी काका त्याला गेटवर गाठायचे. ‘‘तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये ते चिंचेचं झाड आहे का अजून?’’ निनाद म्हणायचा, ‘‘आहे काका. भोवती कठडा केलाय. वर ‘धूम्रपान करू नये’ची पाटी आहे, त्यामुळे सिगारेट ओढणारे सगळे तिथेच उभे असतात.’’ काका मान डोलवायचे आणि निघून जायचे. झाडाच्या आत काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही, म्हणून मला जरा नवल वाटायचं, इतकंच.

आता त्या नाटकाकडे येते.

सायली माझी जुनी विद्यार्थिनी. ती आणि तिचा मित्र ओंकार, दोघांनी मिळून लहानपणावर एक नाटक बसवलं होतं. रंगमंच नाही, खुर्च्या नाहीत. सदाशिव पेठेत पहिल्या मजल्यावर शिकवणीच्या एका रिकाम्या वर्गात सतरंज्या टाकायच्या, प्रेक्षकांनी त्यावर मांडी घालून बसायचं आणि नाटकात भाग घ्यायचा. तिनं मला दोन पास दिले. ‘‘जमिनीवर बसायचं असेल तर आमचे गुडघे येणार नाहीत,’’ असं आमच्या ह्यांनी कळवलं. मी लिफ्टमध्ये सायलीचा मेसेज मोठ्यानं वाचत होते : ‘फक्त वीस प्रेक्षक. पत्ता आदल्या दिवशी कळवू. मोबाईल बाहेर ठेवावा लागेल. येताना आपलं बालपण सोबत आणा.’

कोपऱ्यातून काळोखेकाकांचा आवाज आला. ‘‘पत्ता आदल्या दिवशी?’’

‘‘नाटक आहे काका.’’

‘‘मोबाईल काढून घेणार?’’

‘‘नाटक आहे.’’

‘‘आणि बालपण आणा म्हणजे नक्की काय आणा?’’ लिफ्ट थांबली, तरी काका बाहेर पडेनात. ‘‘मॅडम, तुम्ही एकट्या जाऊ नका. मी येतो.’’

अशा रीतीनं माझ्या संरक्षणासाठी काळोखेकाका रविवारी सकाळी माझ्या स्कूटरवर मागे बसले. सबंध कर्वे रस्ता ते मला ‘डावीकडून बस’, ‘उजवीकडून मूर्ख’ असं सांगत होते आणि मधूनमधून तोंडानंच हॉर्न वाजवत होते.

वर्गाच्या दाराशी चपला काढायच्या होत्या. काकांनी आपल्या चपला आतून दिसतील अशा बेतानं उंबऱ्याला लावून ठेवल्या आणि जागाही त्याच बेतानं धरली. सायलीनं प्रत्येकाला एक कार्ड दिलं. लहानपणी घरी काय म्हणायचे? पहिली शाळा कोणती? कुठला प्राणी पाळला होता? कोणाबरोबर खेळायचात?

काकांनी कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं आणि माझ्या कानाशी लागले. ‘‘मॅडम, हे बँकेचे प्रश्न आहेत.’’

‘‘कुठल्या बँकेचे?’’

‘‘सगळ्या बँकांचे. पासवर्ड विसरलात की हेच विचारतात. पहिली शाळा, टोपणनाव, कुत्र्याचं नाव. आता तुम्ही हे लिहून द्या आणि संध्याकाळी खातं बघा.’’

मी चिमणी, नूतन शाळा, मांजर, आणि माझा भाऊ, असं सगळं लिहून दिलं. काकांनी चारही रकान्यांत सरकारी अक्षरात ‘लागू नाही’ लिहिलं.

नाटक सुरू झालं. सायली बाई झाली आणि कार्डांवरून हजेरी घ्यायला लागली. ‘‘चिमणी?’’ मी ‘हजर’ म्हटलं. ‘‘बाब्या?’’ एक टकले गृहस्थ लाजत ‘हजर’ म्हणाले. पुढचं कार्ड सायलीनं दोनदा वाचलं.

‘‘लागू नाही?’’

‘‘हजर,’’ काका म्हणाले.

मग सगळ्यांना लिमलेटची एकेक गोळी मिळाली. आत काय आहे, हे काकांनी विचारलं आणि गोळी खिशात टाकली. त्यानंतर लपाछपी. सायली म्हणाली, ‘‘आता सगळ्यांवर राज्य. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि वीसपर्यंत मोजायचं.’’ त्यांची युक्ती खरोखर सुंदर होती. तेवढ्या वेळात ते दोघे फ्रॉक आणि हाफपँटवर मोठ्या माणसांचे कपडे चढवणार, खांद्याला ऑफिसच्या बॅगा लावणार. आपण डोळे उघडायचे, तर समोरची मुलं मोठी झालेली. मोठं होणं हे असं आपल्या नकळत होतं, असं त्यांना सांगायचं होतं. आम्ही एकोणीस जण डोळे मिटून मोजायला लागलो. अकरावर पोहोचलो होतो, तेवढ्यात खणखणीत आवाज आला.

‘‘शर्ट बदलतायत!’’

सगळ्यांनी डोळे उघडले. ओंकारचा एक हात बाहीत होता आणि दुसरा छताकडे.

‘‘काका, तुम्ही चीटिंग केलीत,’’ सायली म्हणाली.

‘‘मी फक्त पाहिलं,’’ काका म्हणाले. ‘‘शर्ट तुम्ही बदललात.’’

मला सतरंजीखाली जावंसं वाटलं. पण पोरं गुणी होती, त्यांनी हसून पुढे रेटलं. शेवटचा प्रवेश भावाबहिणीचा होता. बहिणीकडे पत्र्याचा एक डबा. त्यात मोरपीस, बिल्ले, रंगीत काचा, तिचं सगळं धन. भाऊ म्हणतो, ‘‘डोळे मिट, गंमत दाखवतो.’’ ती मिटते. तो डब्यातली एकेक वस्तू आपल्या खिशात घालतो, रिकामा डबा तिच्या हातात ठेवतो आणि निघून जातो. ती तशीच डोळे मिटून विचारत राहते, ‘‘उघडू का?’’ मग ती प्रेक्षकांत शिरते. चाचपडत एकेकापाशी येते, हात पुढे करते आणि विचारते. प्रेक्षकानं ‘उघड’ म्हटल्याशिवाय ती डोळे उघडत नाही.

सायली नेमकी काकांपाशी आली. ‘‘उघडू का रे?’’

मी जीव मुठीत धरून बसले. आता हे काय बोलणार? पण काका सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत खाली बघत होते. तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. शेवटी मीच म्हटलं, ‘‘उघड गं.’’

येताना स्कूटरवर, डावीकडून बस आली तरी काकांनी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी सायलीचा फोन आला. ‘‘मॅडम, ते ‘लागू नाही’ आज परत आले होते.’’

‘‘परत? कशाला?’’

‘‘माहीत नाही. पुन्हा तेच कार्ड, पुन्हा एक डोळा उघडा. ओरडले नाहीत, पण ओंकारनं घाबरून शर्टाची बटणं चुकीची लावली.’’

त्याच्या पुढच्या रविवारीही गेले. त्याच्याही पुढच्या. सायलीचा पुन्हा फोन आला. ‘‘मॅडम, खरं सांगा, ते कुठल्या खात्यातून येतात का? आम्हाला काही परवानगी लागते का? आणि मी ‘उघडू का’ विचारते तेव्हा दर वेळी गप्प बसतात. मला पुढे सरकावंच लागतं.’’

संशय हा सर्दीसारखा असतो, शेजारच्याला झाला की आपल्याला होतोच. मी काकांवर पाळत ठेवायला लागले. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतात. विचारलं तर, ‘‘खात्री करतोय.’’ कशाची, ते सांगत नाहीत. हे पोरांच्या विरुद्ध कुठेतरी अर्ज करणार, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. एका सोमवारी संध्याकाळी ते जिना चढत होते. लिफ्टवर त्यांचा विश्वास आठवड्यातून चारच दिवस असतो. हातात कापडी पिशवी होती, आणि मला बघितल्यावर ती त्यांनी पाठीमागे नेली.

मी वाट अडवली. ‘‘काका, आत काय आहे?’’

सबंध आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. ते पायरीवर बसले आणि पिशवी उघडून दाखवली. आत एक साडी होती. हिरवी, लाल काठाची.

‘‘बहिणीसाठी,’’ ते म्हणाले. ‘‘भाऊबीज येतेय.’’

‘‘तुम्हाला बहीण आहे?’’

‘‘वाघोलीला असते. शकू.’’ मग म्हणाले, ‘‘कपाटात अशा दहा आहेत. ही अकरावी.’’

मीही पायरीवर बसले. मग काका बोलले. माझ्याकडे न बघता, साडीच्या घडीवरून हात फिरवत बोलले.

खराडीला त्यांच्या वडिलांची जमीन होती. वडील गेले, बिल्डर आला. बहिणीनं आपला हिस्सा भावाला सोडला, असा हक्कसोडीचा कागद लागणार होता. ‘‘सगळेच घेतात बहिणींच्या सह्या. रीतच आहे आमच्याकडे. पण मी तिला सांगितलंसुद्धा नाही, मॅडम. तिनं विचारलं, आण्णा, कशाचा कागद हाय? मी म्हटलं, सातबाऱ्यावर वारस म्हणून तुझं नाव लावायचंय. ती हसली. म्हणाली, तू म्हणतोस तर डोळं मिटून करते. आणि खरंच तिनं डोळे मिटले. थट्टेनं. मिटल्या डोळ्यांनी सही केली. सही वाकडी आली. मी तिला म्हटलंसुद्धा, नीट कर.’’

जिन्यातला दिवा लागला.

‘‘चौतीस वर्षं मी लोकांना विचारत होतो, आत काय आहे. तिनं मला एकदाच विचारलं.’’

तिला कळलं ते जमिनीवर इमारतीची पाटी लागली तेव्हा. ती आली, भांडली नाही, कोर्टात गेली नाही. बांधावर चिंचेचं झाड होतं. लहानपणी त्याच्या बुंध्याशी तोंड करून ज्याच्यावर राज्य असेल तो आकडे मोजायचा. त्या झाडाखाली उभी राहून ती एवढंच म्हणाली, ‘‘आण्णा, आता राज्य तुज्यावर हाय. मी लपले. शोधत ये.’’ आणि गेली. तेव्हापासून फोन नाही, राखी नाही, काही नाही. काका शोधायला गेले नाहीत. तोंड नव्हतं, म्हणाले.

मला वाईट वाटलं, पण त्याआधी राग आला. माझ्याही भावानं माझी सही घेतली आहे. मी वाचून केली, उघड्या डोळ्यांनी केली, आणि तरी ती मला अजून दुखते. ‘‘म्हणजे काका, चोराच्या मनात चांदणं,’’ मी म्हटलं. ‘‘जगातला प्रत्येक माणूस आपल्याला फसवणार, असं तुम्हाला वाटतं ते ह्यामुळे.’’

‘‘असेल,’’ काका म्हणाले. ‘संशय नाही’ म्हणाले नाहीत.

‘‘नाटकाला किती वेळा गेलात?’’

‘‘चार.’’

‘‘आणि वाघोलीला?’’

काकांनी साडी पिशवीत घातली. ‘‘लागू नाही,’’ ते म्हणाले.

‘‘त्या पोरीला ‘उघड’ म्हणायला दर रविवारी जाऊन काय उपयोग? जिला म्हणायचं ती तिकडे बसलीय. येत्या रविवारी नाटकाचा शेवटचा प्रयोग आहे. घेऊन या तिला.’’

‘‘नाही आली तर?’’

‘‘तर तुम्ही गेलात, एवढं तरी होईल.’’ मी जरा तोडूनच बोलले. ते उठले आणि जिना चढून गेले. कोण चढतंय हे बघायला दर मजल्यावर मागे वळतात, तसे त्या दिवशी वळले नाहीत.

तो आठवडा काका दिसले नाहीत. शनिवारी पेपर त्यांच्या दाराला तसाच अडकलेला होता, तेव्हा मला काळजी वाटायला लागली. आपण फार बोललो, असंही वाटलं. रविवारी मी एकटीच सदाशिव पेठेत गेले आणि जिन्याखाली रेंगाळत राहिले. वर सायलीनं कार्डं वाटायला घेतली होती. वर जायला निघणार इतक्यात रिक्षा थांबली. आधी काका उतरले. मग डोक्यावर पदर, पायात कोणातरी पोराचे जुने स्पोर्ट शूज, अशी एक काटक बाई उतरली. तिच्या हातात फुगलेली कापडी पिशवी होती.

‘‘आलात, बरं वाटलं,’’ मी नमस्कार करून म्हटलं.

‘‘नाटक बघायला आले,’’ शकूताई म्हणाल्या. ‘‘कट्टी हायेच अजून.’’

काका मध्येच हळूच म्हणाले, ‘‘शकू, पिशवी उघडून तरी बघ.’’

‘‘आत काय हाय ते मागनं बघीन. आधी नाटक.’’

दाराशी सायलीनं कार्ड दिलं. शकूताईंनी ते उजेडाला धरलं आणि एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. सगळं वाचलं. मग उलटं करून पाठीमागे काही आहे का ते बघितलं. मागे माणसांची रांग खोळंबली होती. काका पेन धरून शेजारी उभे होते, आणि त्यांची मान खाली होती. सगळं वाचून झाल्यावर शकूताईंनी हात पुढे केला, तेव्हा काकांनी पेन दिलं.

हजेरी सुरू झाली. चिमणी हजर. आणखी पाच-सहा जण हजर. मी ‘लागू नाही’ची वाट बघत होते.

‘‘शकी?’’

‘‘हाय की,’’ शकूताई म्हणाल्या.

‘‘गुंड्या?’’

सायलीनं पुन्हा हाक मारली. शकूताईंनी कोपरानं शेजारी ढोसलं.

‘‘हाय,’’ काळोखेकाका म्हणाले. ‘‘गुंड्या हजर हाय.’’ स्वतःबद्दल ‘हाय’ म्हणताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

लिमलेटच्या गोळ्या आल्या. काकांनी काही न विचारता गोळी तोंडात टाकली. मग राज्य आलं. सायलीनं ‘डोळे मिटा’ म्हणताना काकांकडे बघितलं, ओंकारनं कपाटाआड सरकायची तयारी केली. सगळे मोजायला लागले. मी मात्र एक डोळा उघडा ठेवला. आता ही खोड मला लागली आहे.

काकांचे दोन्ही डोळे मिटलेले होते. लहान मूल मिटतं तसे, नाकाला सुरकुत्या पाडून घट्ट. शकूताईंचे दोन्ही उघडे होते. त्यांनी हसण्यावारीसुद्धा मिटले नव्हते. त्या भावाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, एखादा कागद वाचावा तशा, सावकाश.

‘‘पाच, दहा, पंधरा, वीस,’’ काकांनी घाईघाईनं मोजलं. बाकीचे अजून नवावर होते. ‘‘शकू, उघडू का?’’

‘‘न्हाई.’’

काका थांबले. बाकीच्यांचं मोजून झालं, सगळ्यांनी डोळे उघडले. समोर सायली आणि ओंकार मोठे होऊन, बॅगा लावून उभे होते. पण त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं. तेही पुढचं वाक्य बोलले नाहीत.

‘‘शकू, उघडू?’’

‘‘मधलं गाळलंस, आण्णा,’’ शकूताई म्हणाल्या. ‘‘तवाबी असंच करायचास. एकपासनं मोज.’’

काकांच्या मिटल्या पापण्यांखालून पाणी यायला लागलं होतं. त्यांनी ते पुसलं नाही. ‘‘एक,’’ ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, ‘‘दोन.’’

तिसऱ्या आकड्याला सवयीनं त्यांची मान दाराकडे वळली. डोळे मात्र मिटलेलेच होते. शकूताईंनी त्यांच्याऐवजी उंबऱ्याकडे बघितलं.

‘‘चपला हायेत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू मोज.’’